अर्ध्या पानावरून

आषाढ शु. ११
आजपासून चार महिने मौनाने जेवायचे. संकल्प सोडला. गुरुजींनी नियम बजावला: पानावर बसल्यावर एक शब्द जरी निघाला, तरी होते तेवढे टाकून उठायचे, मग दिवसभर उपास. व्रत अखंड पार पडले, तर कार्तिकात ब्राह्मणाला घंटा दान. शिवाय रोज सकाळी मासुंदा तळ्याच्या पायरीवर ध्यान. कचेरीत हसतील. हसोत. चैत्रात भरल्या पानावर मीच चि. विष्णूला म्हणालो, "दोनदा मॅट्रिक नापास! या घरचं अन्न गिळवतं कसं तुला?" पोरगा अर्ध्या पानावरून उठला आणि कल्याणला मामाकडे गेला. अजून उंबरा चढलेला नाही. दोष सगळा या जिभेचा.

आषाढ शु. १४
ध्यान जेमतेम पाव तास. डोळे मिटले की विष्णू, नाहीतर कचेरीतले तुंबलेले टपाल. तळ्यावरची कोळीण ओरडली, "काका, डोले उघरा, तुमचा पंचा पान्यान चाललाय!" पंचा वाचला. ध्यान गेले.

आषाढ व. ६
आमटी अळणी. बोलायचे नाही, म्हणून वाटी दोनदा आपटली, डोळे वटारले, हूं हूं केले. सौ. म्हणाली, "अहो, तुमचं हे मौन बोलण्यापेक्षा मोठ्यानं ऐकू येतं. याच्यापेक्षा ओरडा तरी." आधी राग आला. मग फार लाज वाटली. इतके दिवस व्रत म्हणून मी केले काय, तर नुसते तोंड मिटून भांडलो.

श्रावण शु. ३
आता नजर पानावर. खूण करून काही मागायचे नाही. आज भाजीत मीठ नव्हते, तशीच संपवली. सौ.ला मागाहून तिच्या पानावर कळले, तेव्हा ती हसली. घरात कोणी हसल्याला किती महिने झाले...

श्रावण व. ५
ध्यान बरे. मन पळते, परत आणून बसवतो, पुन्हा पळते. पूर्वी चिडायचो. आज चिडलो नाही. पोराच्या बाबतीत हेच केले असते तर—

भाद्रपद शु. ५
विष्णू गणपतीला आला नाही. सौ.ने त्याच्या वाटणीचे मोदक संध्याकाळपर्यंत झाकून ठेवले होते. वाईट वाटले.

भाद्रपद व. १२
बाजारात तांबटाकडून घंटा आणली. नाद गोड आहे. दीड महिना राहिला, पार पडेलसे वाटते. जरा गर्वच झाला.

आश्विन शु. १०
विष्णू आला! हातावर सोने ठेवले, पाया पडला, नजर मात्र खाली. आईने त्याला माझ्या मौनाचे सांगितले होते. पानावर बसल्यावर चाचरत सुरू झाला: "नाना, कल्याण स्टेशनात तारेचं काम शिकतोय मी. मॅट्रिकला पुन्हा बसणार नाही."
आतल्या आत उसळलो. तीन पिढ्या कचेरीतल्या, आणि हा स्टेशनात! नजर पानावर ठेवली. श्वास आत, श्वास बाहेर. तो बोलत राहिला. तारेचे ठोके कानाने कसे ओळखायचे. चुकले तर मास्तर पुन्हा पाठवायला लावतात, पण ओरडत नाहीत. माझा मुलगा एवढे बोलतो, हे मला वीस वर्षांत ठाऊक नव्हते. कारण बोलायचो मीच.
मग थांबला. माझ्याकडे पाहिले. मी गप्प. मौन ठाऊक असूनही त्याने त्यात माझा जुना रागच वाचला, पान पुढे सरकवून उठू लागला. पुन्हा अर्ध्यावरून. हात धुऊन मागाहून सांगता आले असते, पण तोवर तो गेला असता.
"विष्णू, बस. चांगलं काम आहे, बाळा. पोटभर जेव."
आणि मी उठलो. माझे श्रीखंड पानावर तसेच. विष्णू खाली बसला. जेवला, दोनदा मागून घेतले.

आश्विन शु. ११
काल उपास घडला, पण झोप गाढ. गुरुजी म्हणाले, "शेवटच्या महिन्यात मोडलंत हो! घंटा आता घेता यायची नाही मला. पुढल्या आषाढीपासून पुन्हा." बरे म्हटले. वाद घातला नाही, याचे गुरुजींनाच नवल वाटले.

कार्तिक शु. १२
चातुर्मास संपला. घंटा देवघरात आहे, वर्षभर थांबेल. मोडलेले व्रतही शेवटपर्यंत पाळले. कल्याणहून निरोप आला: रजा मिळाली तर विष्णू रविवारी जेवायला येतो. सौ. विचारत होती, "आता तर बोलायला मोकळे तुम्ही. काय बोलणार त्याच्याशी?" मला धास्ती तीच आहे. उद्या पायरीवर थोडा जास्त वेळ बसेन. रविवारी आला, तर आधी तारेचे ठोके कसे ऐकायचे ते विचारीन म्हणतो, आणि तो सांगून संपेपर्यंत...