कॅपॅरिस अंगदीआय

११ जून २०२५
संकल्प: कोबीचे झाडून सगळे भाऊबंद महिन्याभरात नोंदवणार. मोहरी, शेवगा, पपई, तिळवण, वाघाटी. अख्खा नगर जिल्हा. प्राचार्य म्हणाले, शेवगा कोबीचा कोण लागतो? अशा माणसाच्या हाताखाली बॉटनी शिकवतोय.

१५ जून
मोटरसायकल पंक्चर. शास्त्राला पारनेर तालुका पुरेसा आहे.

१९ जून
तालुकाही नको. गावातल्या रंभाजी शेतकऱ्यांच्या बांधावरची एक वेल बास. पानं वाघाटीची, काटेही वाघाटीचे (पँट फाटली), पण फळं जरा लांबट. नवी जात. नावही ठरलं: कॅपॅरिस अंगदीआय. कॅपॅरिस म्हणजे वाघाटी, अंगद मीच. लाल फीत बांधून चिठ्ठी लावली, नमुना क्र. १.

२३ जून
ज्युनिअर स्नेहल मॅडमना फोटो दाखवला. म्हणाल्या, सर, ही साधी वाघाटी आहे. तीन वर्षांची नोकरी आणि एवढा आगाऊपणा. बोलणं बंद. १० जुलैच्या सेमिनारवर विभागप्रमुख ठरणार, त्या की मी. फळ त्यांच्या नाकासमोर धरीन.

२८ जून
फळं अजून कोवळी. रंभाजींच्या बायकोला, आक्काबाईंना बजावलं, मोलाची आहेत, जपा. त्या म्हणाल्या, व्हय सर, ठावं हाय की. यांना काय ठाऊक असणार, कपाळ.

६ जुलै, आषाढी एकादशी
उपाशीपोटी काट्यात कोण जाईल? उद्या.

७ जुलै, दुपारी २
द्वादशी. उपास सोडायला बायकोने, भारतीने, वाघाटीची भाजी केली होती. कडवट, झकास, अगदी दरवर्षीसारखी. दोनदा मागून घेतली. जरा पडतो, मग बांधावर.

सायंकाळी ५
वेल आहे, फळं गायब. रंभाजींना चोर म्हणालो, पोलिसांचं नाव काढलं. ते शांतपणे म्हणाले, आमच्या मंडळीनं कालच तुमच्या घरी पोच केली की. बारशीसाठी खूण करून ठेवलीती ना तुमी?

सायंकाळी ७
 भारतीने भाजीच्या पिशवीतून लाल फीत काढून दिली. रागवायला माणूस शोधतोय. दुपारची नोंद वाचली. 'अगदी दरवर्षीसारखी.' अक्षर माझंच.

१० जुलै
टेबलावर बाजारातला कोबी ठेवून बोललो. प्राचार्यांनी विभागप्रमुख म्हणून स्नेहल मॅडमचं नाव जाहीर केलं. माझ्या भाषणाला टाळ्या एकट्या मॅडमनीच वाजवल्या. त्याचाच जास्त राग आला.