पहिल्या बेसची सातवी वाट

ओसे, रविवार, सकाळचे नऊ

प्रिय काहो,

आजचा टोफू लवकर खपला, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि लिहायला बसलो. मामा पत्र लिहितोय म्हणजे नक्की कुणीतरी आजारी आहे, असं तुला वाटेल. सगळे ठणठणीत आहेत. सोमवारी तू माझ्या दारात ठेवून गेलीस ते कॅचरचं सामान इथे माझ्यासमोर आहे. छातीचं पॅड, पायांचे गार्ड, मुखवटा, सगळं धुऊन पुसून, ग्लोव्हला तेलसुद्धा लावून. सोबत चिठ्ठी, 'मामा, मी आता येणार नाही.' अगं, आदळआपट करून गेली असतीस तर मला परवडलं असतं. ती तेल लावलेली ग्लोव्ह मी सहा दिवस जागची हलवलेली नाही. ओसे आणि कुरादानी, दोन्ही शाळा मिळून आपल्याकडे बेसबॉलचे खेळाडू नऊच. तू गेलीस की आठ, आणि आठ जणांचा संघ कुणी मैदानात उतरू देत नाही. उन्हाळी स्पर्धेची यादी शुक्रवारी द्यायची आहे. तुझ्या नावाची ओळ मी कोरी ठेवली आहे. भरलीही नाही आणि खोडलीही नाही.

गेल्या रविवारच्या सामन्यात काय झालं ते तुला सांगायची गरज नाही, पण मला एकदा लिहू दे. सहावा डाव, आपण एका धावेने पुढे. त्यांच्या पोराने बॅट फिरवली, चेंडू टुणटुण उड्या मारत सरळ आपल्या गड्याच्या हातात गेला, पहिल्या बेसवर तो पोरगा बाद. पंचांनी हात वर केला, आपली पोरं नाचायला लागली, आणि तू मुखवटा काढून उभी राहिलीस. म्हणालीस, "पंचसाहेब, त्याची बॅट माझ्या ग्लोव्हला लागली होती." कुणी पाहिलं नव्हतं. त्या पोरानेही तक्रार केली नव्हती. पंचांनी तुझा सुजलेला अंगठा पाहिला, चारही पंचांनी डोकी एकत्र केली आणि त्या पोराला पहिला बेस दिला. पुढच्याने फटका मारला, दोन धावा झाल्या, आपण हरलो. सामान गाडीत भरताना आपल्या पिचरचे बाबा उएमात्सु म्हणाले, "पंचाला दिसलं नव्हतं, तर हिला कुणी विचारलं होतं?" तू तिथेच बाटल्या गोळा करत होतीस. मी जाळी गुंडाळत होतो. मी त्यावर काय म्हणालो? मी म्हणालो, "हं." तुझा प्रशिक्षक, तुझा सख्खा मामा, आणि तोंडातून निघालं काय, तर 'हं'. तू सामान परत केलंस ते उएमात्सुंमुळे नाही, माझ्या त्या 'हं'मुळे, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. नंतर तुझ्या आईने फोनवर सांगितलं, की घरी गेल्यावर तुझ्या बाबाने सगळं ऐकून घेतलं. तुझा अंगठा बर्फात धरून बसला, 'बरं केलंस' म्हणाला आणि रोपांना पाणी घालायला गेला.

तुला एप्रिलमधला पहिला दिवस आठवतो? मी फळ्यावर लिहिलं होतं, पहिल्या बेसवर पोचायच्या वाटा सहा. चांगला फटका मारून. चार चेंडू वाईट पडेपर्यंत बॅट खांद्यावर ठेवून धीर धरून. समोरच्यांच्या हातून चेंडू निसटला म्हणून. ते आपल्या दुसऱ्या गड्याला बाद करायच्या नादात लागले म्हणून. चेंडू अंगावर खाऊन, जसा आपल्या रेन्तारोने नेमका ढुंगणावर खाल्ला, आणि पिचरने टोपी काढून माफी मागितल्यावर यानेही उलट एवढं वाकून नमस्कार केला की हेल्मेट गडगडत गेलं. आणि माझी सगळ्यात लाडकी वाट म्हणजे तिसरा वारही हुकला, पण कॅचरच्या हातून चेंडू सुटला तर बाद झाल्याचं रडगाणं न गाता पळत सुटायचं. तेव्हा मागून तू विचारलंस, "मामा, सातवी राहिली ना? मागे बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हने बॅट अडली तर?" मी म्हणालो, ती फार क्वचित होते, परीक्षेला येत नाही. पोरं हसली. मीही हसलो. अकरा वर्षं मी इथल्या पोरांना शिकवतोय, आणि त्या फळ्यावर सातवी वाट मी एकदाही लिहिलेली नाही.

आता ज्यासाठी बसलोय ते लिहितो.

तेहेतीस वर्षांपूर्वी ओसे आणि कुरादानी, नदीच्या दोन काठांवरची ही गावं, एकमेकांचं तोंड बघत नव्हती. मी ओसेचा कॅचर, तुझा बाबा कुरादानीचा कप्तान. दोघंही पंधरा वर्षांचे, शाळेचं शेवटचं वर्ष, म्हणजे जो हरेल त्याचा तो शेवटचा सामना. शेवटचा डाव, त्यांचे दोन बाद, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर त्यांचे गडी, आम्ही एका धावेने पुढे. बॅट तुझ्या बाबाच्या, योशितोच्या हातात. माझा धीर सुटला. तिसऱ्या बेसवरचा गडी घराकडे सुटेल या भीतीने मी जरा पुढे सरकलो, ग्लोव्ह लांब केली, आणि त्याची बॅट माझ्या अंगठ्यावर बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. चेंडू मात्र बिचारा लंगडत पहिल्या बेसकडे गेला. योशितो पळाला, छातीवर लोळण घेतली, बाद. पंचांना काही दिसलं नाही. खरं तर त्याला बेस मिळायला हवा होता, तिन्ही बेस भरायला हवे होते, सामना चालू राहायला हवा होता.

तुझ्या बाबाला कळलं नसेल असं होणं शक्यच नाही, बॅट त्याच्याच हातात होती. पंचांकडे दाद मागायचा हक्क फक्त कप्तानाला, आणि कप्तान तोच. तरी तो गेला नाही. सामन्यानंतरच्या नमस्काराला आम्ही समोरासमोर रांगा लावल्या तेव्हा तो नेमका माझ्यासमोर आला. तोंडात माती, आणि नजर माझ्यावर. रागाची नव्हती गं. तो थांबला होता. मी बोलेन म्हणून थांबला होता. मी त्या दिवशी सगळ्यांपेक्षा खाली वाकलो, आणि त्याची टोपी वळून जाईपर्यंत वर आलोच नाही.

तू लहानपणी माझा वाकडा अंगठा धरून विचारायचीस, मी म्हणायचो सरकत्या दारात सापडला. धादांत खोटं. मिळवलं काय म्हणशील तर पुढच्याच सामन्यात त्या अंगठ्याने मला एक चेंडू धड पकडता आला नाही, अकरा-शून्यने आमचं पानिपत झालं. पुढे तुझ्या आईने नेमका कुरादानीचाच मुलगा पसंत केला. नवीन वर्षाच्या जेवणाला साकेचा दुसरा पेला झाला की तुझे आजोबा दरवर्षी म्हणतात, "जावई नदी ओलांडून माझ्या घरात शिरला, पण पहिल्या बेसवर काही पोचला नाही!" सगळे पोट धरून हसतात. तुझा बाबाही हसतो, आणि माझ्या पेल्यात ओततो. मी सगळ्यात मोठ्याने हसतो. इतक्या वर्षांत त्याने अवाक्षर काढलं नाही. आधी वाटायचं विसरला असेल. आता वाटतं, तो अजूनही थांबला आहे.

रविवारी तू मुखवटा काढून उभी राहिलीस तेव्हा मला तुझा अभिमान वाटायला हवा होता. खरं सांगू? आधी लाज वाटली, आणि लाजेचा मला राग आला, म्हणून ते 'हं' निघालं. काल संध्याकाळी सगळ्या पालकांना मैदानावर बोलावलं. म्हणालो, काहोने केलं ते बरोबर, मी गप्प बसलो ते चूक, आणि पुन्हा असं झालं आणि हरलो तरी चालेल. उएमात्सु कान खाजवत म्हणाले, "मी आपलं तोंडाला आलं ते बोललो हो, पोरीला सांगा." पिचर तर म्हणतो, काहो नसेल तर मी चेंडू कुणाकडे टाकू, भिंतीकडे? हे सगळं तुला सांगायचंच होतं. पण पत्र द्यायला येताना सामान मी सोबत आणणार नाही, ते इथे दुकानातच राहील. उचलायचं की नाही ते तू ठरव, मामाला वाईट वाटेल म्हणून उचलू नकोस.

हे पत्र मात्र त्यासाठी लिहिलं नाही. पालकांना मी सगळं सांगितलं, पण माझं जुनं नाही, कारण ते आधी एकाच माणसाला सांगायचं आहे आणि त्याच्यासमोर माझी जीभ उचलत नाही. म्हणून तुला एक काम सांगतो. हे पत्र घेऊन मागे रोपांच्या शेडमध्ये जा आणि तुझ्या बाबाला मोठ्याने वाचून दाखव, काहीही न गाळता. पत्र तुमच्या पेटीत टाकून मी फाटकासमोर ट्रकमध्ये बसलेला असेन. त्याला सांग, हिसाशी बाहेर आहे, पाहिजे तेवढा वेळ थांबेल. आणि जरा भरभर वाच गं. तुझ्या आईने ट्रक पाहिला तर ती चहाला आत बोलावेल, आणि चहा पुढ्यात आला की मी हवापाण्यावर बोलायला लागतो. तेहेतीस वर्षं तेच केलंय.

फाटकाबाहेर बसलेला, तुझाच,
हिसाशीमामा