घेवडा शिजू देत नाहीत

तीर्थरूप आईस,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो. मी ठणठणीत आहे. फोटोत पँट सैल दिसली, ते कापडच तसलं आहे.

आमच्या खोलीत आम्ही चौघे वेल्डर. रविवारचं सूप माझ्याकडे असतं. आदल्या दिवशीच्या मटणाची हाडं, उरलेले तुकडे आणि भिजवलेला सुका घेवडा मी तुझ्यासारखाच मंद आचेवर ठेवतो. तरी दर वेळी मटणाचा भुगा होतो आणि घेवडा मात्र गोट्यांसारखा टणक राहतो!

काल कारण सापडलं. जो तो येता-जाता झाकण उचलतो, चव बघतो आणि मला मदत म्हणून लिंबू पिळून जातो.

"अरे, आंबट आधी पडलं की दाणा शिजत नाही!" मी ओरडलो.

"दोन थेंबांनी काय होतंय?"

"दोन-दोन थेंब तिघांचे झाले ना!"

आमच्यातला थोरला वैतागला. म्हणाला, "पुरे झालं. यापुढे ज्याने त्याने बाहेर खावं."

आई, आठवड्यात तेवढं एकच जेवण आम्ही मांडी घालून, एकत्र बसून जेवतो. एरवी मी उभ्यानेच पाव खातो. म्हणजे आवडतो मला पाव.

हातापाया पडून एक रविवार मागून घेतलाय. त्या दिवशी चुलीपासून हलणार नाही. तुझं लाटणं हाताशी असतं तर पहारा सोपा झाला असता.

बाबांचा खोकला कसा आहे? खरं काय ते कळव.

तुझा,
चिडलेला पण वेळेवर जेवणारा
धाकटा