काडीची पायरी

प्रिय गार्डसाहेब,

या नावानं तुला हाक मारून अकरा वर्षं झाली. पत्ता तुझ्या आत्यानं दिला, तिच्यावर रागावू नकोस. मी तिच्या दारात बसूनच राहिले होते. विचारायचं आहे ते वाघिणींबद्दल. हसशील. तुमच्या त्या टेबलाखालचा केर काढण्यापलीकडे जिनं कधी मान वर करून पाहिलं नाही, तिला आता मालगाडीचे डबे निवडायचे आहेत. पण तुझ्याशिवाय विचारू कुणाला?

तुझ्या बाबांना आता फारसं आठवत नाही. आधी चष्मा विसरायचे, मग किल्ल्या, मग शेजारी. गेल्या वर्षी आठवणीतून मीही गेले. मला ते ‘बाई’ म्हणतात आणि पाणी दिलं तरी आभार मानतात, जे शुद्धीत असताना जन्मात मानले नाहीत. राहिलं ते एक टेबल. मागच्या खोलीतलं, तुम्ही दोघांनी मिळून केलेलं. तो पुठ्ठ्याचा बोगदा, ते स्टेशन, काड्यापेटीएवढी गोदामं. सकाळी अंघोळ झाली की कोट घालून तिथं उभे राहतात आणि गाडी सोडतात.

त्यांची नोकरी तुला ठाऊकच आहे. स्टेशनमास्तरनं फलाटावर उभं राहायचं, मालगाडीचा शेवटचा, गार्डाचा डबा डोळ्यांनी पाहायचा, मगच गाडी आली असं नोंदवायचं. तो दिसला नाही तर गाडी वाटेत तुटली, अर्ध्या वाघिणी मागे रुळावरच उभ्या आहेत असं धरायचं आणि मागच्या गाडीला वाट द्यायची नाही. गाडी पुरी आल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हा मात्र त्यांचा स्वतःचा नेम. मी तेव्हा कौतुकानं डबा गरम ठेवत असे. आता तोच नेम माझ्या मुळावर आला आहे. टेबलावरची गाडी फिरते, बाबा मान वळवून शेवटपर्यंत बघतात. मागे गार्डाचा डबा नसतो. “बाई, मागचा डबा आला का?” नाही म्हटलं तर ताट सरकवतात. आला म्हटलं तर बोगद्याकडे एकदा बघतात आणि तरीही सरकवतात. हे सुरू होऊन तीन आठवडे झाले, दोन घोट दूध जातं तेवढंच. कोटाच्या आत माणूस उरला नाही रे. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत वाट पाहू, नाहीतर नाकातून नळी घालू. ती ओढून काढतील म्हणून हात बांधावे लागतील.

म्हणून मी खेळण्यांच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, आजी, गाडी कोणत्या काळातली? मी म्हटलं, आमच्या ह्यांच्या काळातली. तो हसला, पण माणूस चांगला. सगळी खोकी उघडून दाखवली. लाल, पिवळ्या, निळ्या, चकचकीत. तेव्हा तुमची भांडणं आठवली. तुला प्रत्येक रंगाची एकेक हवी असायची आणि बाबा म्हणायचे, खरी मालगाडी बघणाऱ्याला कंटाळा आला पाहिजे. एकीसारखी एक, कोळशानं मळलेली, आणि त्यात एखादीच निराळी, तीही का निराळी ते सांगता आलं पाहिजे. मी रंग बघितलेच नाहीत. गार्डाचा सगळ्यात साधा डबा घेतला. घरी आणून त्याला चहाचं पाणी लावलं, काजळी चोळली, चाकांना तपकिरी बूटपॉलिश. बाबांनी तो उचलला, उलटा केला. पायरी शाबूत आहे म्हणाले, आणि बाजूला ठेवून दिला.

तेव्हा मला आठवलं. आपल्या जुन्या डब्याची पायरी तू सात वर्षांचा असताना तुझ्याच हातून मोडली आणि रागावतील या भीतीनं तू तिथं काड्यापेटीतली काडी चिकटवलीस. मीही पायरी मोडली, काडी चिकटवली, डिंक वाळू दिला, डबा नेऊन समोर ठेवला. बाबा बराच वेळ काडीवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, “ही पोरानं लावलेली नाही.”

अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून ‘पोर’ हा शब्द पहिल्यांदा निघाला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

आता खरं लिहिते. रेल्वेची नोकरी नाकारून तू निघालास, तेव्हा बाबा म्हणाले होते, माझ्या घरातली काडीही नेऊ नकोस. दुसऱ्या दिवशी टेबलावरच्या गाडीच्या खोक्यात गार्डाचा डबा नव्हता. सगळ्या नातेवाइकांत त्यांनी तुला चोर म्हटलं, ते तुझ्यापर्यंत पोचलं आणि तू दार कायमचं लावून घेतलंस. बाळा, डबा तू नेला नाहीस. तुझ्या बॅगेच्या तळाशी, करड्या लोकरी मोज्यात, मी तो कोंबला. दुसऱ्याची वस्तू तुला पचत नाही. सापडला की परत द्यायला येशील, असा माझा साधा हिशोब होता. तू आला नाहीस आणि माझी जीभ उचलली नाही. रोज देवापुढे बसून ठरवायचं, आज सांगते, आणि काहीतरी मागून उठायचं. मंगळवारी शेवटी बाबांच्या समोर बसून सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. माझ्या हातावर थोपटलं, “होतं असं, बाई,” म्हणाले. आणि विचारलं, मागचा डबा आला का? माफी मिळाली, पण कुणाला दिली हे त्यांनाच माहीत नाही. ती घेऊन मी कुठे जाऊ?

तो मोजा शोध. डबा पोस्टानं पाठवू नकोस, सोमवारच्या आत घेऊन ये. बॅग टाकून दिली असशील, मोजा फाटून गेला असेल, तरी ये. नव्या डब्यावरची माझी काडी मी खरवडून काढली आहे. ती जागा रिकामी आहे. काडी तू लाव.

तुझीच,
तुला चोर म्हणू देणारी
आई