हँडब्रेकला एरंडेल

७ जून १९६३
आज गाडी चातुर्मासासाठी परसातल्या मांगरात, म्हणजे छपरात, विराजमान केली. हँडब्रेक (माझ्यापुरते त्याचे नाव ‘हस्तरोध’) आपादमस्तक बळ लावून ओढला. सात वेळा ‘कट्’ असा मंगलध्वनी झाला. शेजारचा गुणाजी आपली होडी किनाऱ्यावर चढवून परतत होता. म्हणाला, “वैद्यानूं, जमनीर नांगर कित्याक टाकलात? खंय व्हावान जातली ती?”
अज्ञानी मनुष्य. उत्तर दिले नाही. मौन हे माझे अत्यंत तीक्ष्ण शस्त्र आहे, दुर्दैवाने ते कोणाला लागत नाही.
सौ. सत्यवतीला वचन दिले: नोव्हेंबरात तिच्या धाकट्या भावाचे, महादूचे, आरोंद्याला लग्न; आपण स्वतःच्या मोटारीने जाऊ. ती एकुलती बहीण, मानाची करवली. ती म्हणाली, “गाडी चालू झाली तर.” ‘तर’ या अव्ययाचा मी निषेध नोंदवतो.

१६ जून
शिस्त म्हणून दर रविवारी हस्तरोध एक दात (म्हणजे एक ‘कट्’) अधिक ओढण्याचा संकल्प. आजचा दात ओढला.

११ ऑगस्ट
आजचा दात ओढवला नाही. म्हणजे बंधन परिपूर्ण झाले. समाधान.
मांगरात समुद्राचे खारे वारे घुसतात. खिळे गंजले, कोयता गंजला, सौ.चा अडकित्ता गंजला. पोलाद मात्र पोलाद असते. गाडी विलायती आहे.

२१ नोव्हेंबर
गाडी बाहेर काढण्याचा मुहूर्त. इंजिन सिंहासारखे गरजले. हस्तरोध खाली सोडला. गिअर टाकला. गाडीने नितंब किंचित उचलला आणि इंजिन बंद. पुन्हा तेच. पुन्हा तेच.
मागची चाके फिरत नाहीत. दांडा खाली आहे, म्हणजे रोध सुटला आहे. तरी चाके रुद्ध. हा तर्काचा अपमान आहे. यंत्राला एवढा अहंकार कुठून आला?
गुणाजी कुंपणावरून, “नांगर उचलूक इसारल्यात काय?”
त्याच्या अजीर्णाच्या पुड्या उद्यापासून बंद.

२२ नोव्हेंबर
रात्रभर संतापाने झोप नाही. परंतु पहाटे निदान झाले. चातुर्मासातील आर्द्रता, शीत वारा, व्यायामाचा अभाव. चाकाच्या ड्रमात वात प्रकुपित होऊन स्तंभ उत्पन्न झाला. माणसाचा खांदा धरतो तसे चाक धरले आहे. उपचार स्पष्ट आहे: प्रथम स्नेहन, मग स्वेदन. मेकॅनिक बोलावणे म्हणजे वैद्याने शेजारच्या वैद्याकडे नाडी दाखवणे.
सौ.ने विचारले, “कट्टा गावातल्या मेकॅनिकाक सांगूचा मां?” मी हसलो. ती हसली नाही.

२४ नोव्हेंबर
स्नेहन. ड्रमाच्या मागच्या अंगास एक लहान छिद्र आहे. निर्मात्याने औषधासाठीच ठेवलेले असणार. त्यातून दोन्ही चाकांत एरंडेल सोडले. मात्रा: वाटीभर. रुग्णाच्या आकारमानाने थोडी वाढवली. मग वाटी नव्हे, बाटली झाली.
चाक हलले नाही. तेल मुरायला अवधी हवा. अवधी द्यायला कोणी तयार नाही. या घरात सगळ्यांना घाई आहे, विशेषतः सौ.ला.

२६ नोव्हेंबर
स्वेदन. निर्गुंडीचा पाला घालून उकळलेले पाणी, चार हंडे. अंगणात एवढी वाफ की रस्त्यावरून जाणाऱ्या दोघी कोळणी टोपल्या उतरवून बघत राहिल्या. एक म्हणाली, “वैद्यान मोटारीक न्हाणी घातली. आता बारसा कधी?” दात काढून हसल्या. उद्या यांनाच खोकला होईल आणि याच माझ्याकडे येतील. तेव्हा बघतो.
सायंकाळी सौ.: “उद्या हळद. मी एस्टीन जातंय. महादूक हळद माझ्या हातची लागाक व्हयी.”
मी गंभीर स्वरात म्हणालो, स्वतःची मोटार असताना वैद्यांच्या पत्नीने एस.टी.त गर्दीत उभे राहणे हे कुळाला लांच्छन. उद्या पहाटे गाडी चालेल. माझा शब्द.

२७ नोव्हेंबर
गाडी चालली नाही.
सौ. साडी नेसून ट्रंकेवर बसून होती. दुपारी उठली आणि एवढेच म्हणाली, “थंय माझ्या भावाक हळद लागता, नि हंय तुमी चाकाक तेल लावतास.” मग चुलीकडे गेली. भांडी आपटली असती तर मलाही चिडता आले असते. आपटली नाहीत.
तेव्हा नाइलाजाने, केवळ रुग्णाला अंगमर्दन व्हावे म्हणून, गुणाजीला हाक मारली. तो पाच गडी आणि होडीचा दोर घेऊन आला. मागे दोर बांधला. “ओढा रे! हय्या!” तिसऱ्या ओढीला ‘कडाड’ असा आवाज होऊन चाके मोकळी झाली.
एरंडेलाचा गुण बरोबर चौथ्या दिवशी आला. ग्रंथांतही असेच आहे.
गुणाजीला सांगितले. तो म्हणाला, “गुण तेलाचो काय दोराचो, ता देवाक ठावक.” कृतघ्न.
हस्तरोधाचीही परीक्षा घेतली. पूर्वी ओढताना हात दुखे. आता दांडा लोण्यातून फिरावा तसा वरपर्यंत येतो. सांधे कसे मोकळे झाले! ओढून गाडी उभी केली. तसूभर हलली नाही. (अंगण सपाट आहे.)
उद्या लग्न. मुहूर्त दुपारचा. सौ.ला सांगितले, करवली मंडपात मोटारीतून उतरेल. ती म्हणाली, “माका उतरूचा आसा. कशातसून ता तुमी बगा.”

२८ नोव्हेंबर. पहाटे
प्रस्थान. सौ. पैठणीत. ट्रंक, नारळाचे पोते मागे. गाडी अंमळ तेलकट वास देते. आरोग्याचा वास.

२८ नोव्हेंबर. कट्टा, सकाळी
जे घडले ते गुडघ्यावर वही ठेवून, संतापात लिहितो आहे, म्हणून अक्षर क्षम्य.
कट्ट्याच्या बाजाराअलीकडे चढण आहे. सौ.ला मांडवात वाटायला गुळाचे खाजे हवे होते. म्हणाली, “हयसर चढणीर नको. फुडे सपाट आसा, थंय थांबवा.” परंतु दुकानासमोर सात-आठ माणसे बसची वाट पाहत होती. चिकित्सेचे फळ लोकांना दिसणे हे लोकशिक्षण होय. मी चढणीवरच थांबलो, हस्तरोध समारंभपूर्वक ओढला आणि उतरलो.
खाज्याची पुडी हातात घेऊन वळलो. दुकान जागच्या जागी होते. गाडी नव्हती.
ती मागे जात होती. सावकाश, निर्लज्जपणे, करवलीसह. मी ओरडलो, “थांब!” नक्की कोणाला ते ठाऊक नाही. सौ.ने माझ्याकडे काचेतून पाहिले. त्या दृष्टीत भय नव्हते. भय असते तर बरे झाले असते.
गाडी रस्ता सोडून एका शेताच्या कडेला पेंढ्याच्या उडवीत शिरली आणि थांबली. शेतकरीण हौसाबाई धावत आली. “गो बाय, ही मोटार काय गवात खाता?” बसची वाट पाहणारे खाली बसून हसले. एकाला उचकी लागली. उचकीवर माझे उत्तम औषध आहे, दिले नाही.
सौ. उतरली. इजा नाही. पैठणीवरची काडी न् काडी वेचली. तेवढ्यात कुडाळला जाणारी एस.टी. आली. तिने हात केला. कंडक्टरने ट्रंक टपावर चढवली.
मी म्हणालो, मी येतो. ती पायरीवरून म्हणाली, “तुमी तुमच्या रोग्याकडे बसा. माका लगीन गाठूचा आसा.”
पुडी माझ्या हातातच राहिली.
हा सर्व दोष रस्त्याचा आहे. चढण इतकी ठेवण्याचे काही कारण नव्हते.

२८ नोव्हेंबर. आरोंदा, संध्याकाळ
पुढच्या एस.टी.ने उभा आलो. सावंतवाडीला बदलून पुन्हा उभा. अक्षता पडून गेल्या होत्या. पंगती उठल्या होत्या. सौ. वेळेवर पोचली, करवलीचा मान तिला मिळाला. मला पाहून तिने ताट वाढले. रागावली नव्हती. हेही सहन होईना.
ओसरीवर तिचे मोठे मामा बसले होते. जावई वैद्य म्हणून आदराने त्यांनी आपला सुजलेला गुडघा धोतरातून काढून माझ्यासमोर ठेवला. मी हात पुसला, भुवया जुळवल्या. चार लोक जवळ सरकले.
मामांनी सहज विचारले, “मोटार खंय, जावयबापू?”
मी वाक्यरचना करीत होतो. तोवर सौ.च आतून म्हणाली, “मोटार बरी नाय. तिका औषध चालू आसा.”
“कोणाचा?”
“हेंचाच.”
 मग मामांनी गुडघा हळूच मागे घेतला आणि त्यावर धोतर ओढले.
थंडी वाजत असावी. आरोंद्याला खाडीचे वारे फार.