सुट्टीतला बुधवार

१० जानेवारी १९९४

ती. टोवेताईस,
सा. न. वि. वि.

उन्हाळा येईतो बाबा कुणालाच ओळखेनासे होतील असं डॉक्टर म्हणाले, हे तुझ्या पत्रात वाचल्यापासून वर्गात फळ्यावर काय लिहिते आहे ते मलाच कळत नाही. सिग्ने दीड वर्षाची झाली, त्यांनी तिला अजून पाहिलेलंही नाही. ओळख शिल्लक आहे तोवर ही आपलीच नातवंडं म्हणून त्यांनी दोघांना एकदा जवळ घ्यावं. बाकी काही नको.

हिवाळ्याच्या सुट्टीत दोन दिवस कोपनहेगनला येते. पोरं घरात कोंडली तर तुझ्या कपबशा उरणार नाहीत, तेव्हा एखादं संग्रहालय सुचव. एबे तीन वर्षांचा घोडा झाला तरी चोखणी सोडत नाही. चोखणी सोडताना सगळी पोरं बांधतात तशी ती तिथल्या बागेतल्या झाडाला बांधून यायची, हे मात्र त्याने मोठ्या मनाने कबूल केलंय.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी सिसेल

१९ जानेवारी

चि. सिसेल हिस,
अ. आ.

पुतळ्यांचं संग्रहालय नको. यांचे कपडे कुठे गेले, असं तुझा लेक मोठ्याने विचारेल. बाहुल्यांच्या संग्रहालयात सगळं काचेत. हात लावायचा नाही म्हटल्यावर एबे काय करतो ते नाताळात तुझ्या घरी पाहिलंय. देवमाशाचा सांगाडा पाहून सिग्ने किंचाळेल. शेवटी बाबांना विचारलं तर ते माझ्यावरच उखडले. एकतीस वर्षं ज्या जहाजांच्या संग्रहालयाचं दार त्यांनी राखलं, ते सोडून त्यांची नातवंडं दुसरीकडे जातीलच कशी?

झालं तर मग. सुट्टीतला बुधवार, दहा वाजता, दाराशी. डबा खायला खोली आहे, काळा पाव आणि कलेजीची पेस्ट मी देईन. बाबांनी स्वतःच्या हाताने कॅलेंडरवर लिहून ठेवलंय आणि येता-जाता वाचतात.

पोरांना पापा. आठवण ठेव, म्हणजे झालं.

तुझी टोवे

१७ फेब्रुवारी

चि. सिसेल हिस,
अ. आ.

काल फोनवर नुसत्या रडलो, म्हणून लिहिते. आमची सुट्टी वर्षाच्या सातव्या आठवड्यात, तुमच्या गावाची आठव्या. वर्षभराचे बेत आठवड्यांच्या आकड्यांवर ठरवणाऱ्या आपण दोघी, आणि नेमका आकडा एकीनेही लिहिला नाही!

बाबा दहाच्या आधीच जुना निळा कोट चढवून पायऱ्यांवर उभे होते. आत बसा म्हटलं तर म्हणाले की पोरांची बाबागाडी वर कोण उचलणार? दुपारी तुझ्याशी बोलून, तू पुढच्या बुधवारी येणार हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि बंद होईपर्यंत थंडीत उभेच राहिले.

आज सकाळी त्यांनी मला विचारलं, बाई, तुम्ही कुठल्या कचेरीतून आलात? तू ये. पण मला आशा नाही, तुला खोटं का सांगू?

सांभाळून ये.

तुझी टोवे

२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. एबेची चोखणी झाडाला बांधून झाली. ती परत मागायची नाही, हे त्याला कळलंय.

परवा तू बाबांना दाराशी सोडून कामावर गेलीस, त्यानंतरचं संध्याकाळी तुला सांगायचा धीर झाला नाही. आम्हाला बघताच ते धावत आले आणि गाडी वर घेतली. माझा जीव भांड्यात पडला. मग ते अदबीने म्हणाले की बाई, गाडी आत चालत नाही, बाळ झोपलंय तर इथेच झोपू दे, दारावरचा माणूस लक्ष ठेवील. एबेचं बोट धरून त्यांनी एकेक जहाज दाखवलं. एकाचंही नाव चुकलं नाही गं.

डबा खाताना मी म्हटलं, बाबा, मी सिसेल. ते हसले. म्हणाले, योगायोग बघा, माझ्या धाकटीचंही हेच नाव. तिचीही दोन लहान पोरं आहेत आणि आज सुट्टीतला बुधवार, ती यायचीच आहे. तेव्हा तुम्ही जरा आटपा, मला दाराशी जायला हवं.

निघताना त्यांनी गाडी पायऱ्यांखाली उतरवून दिली, सिग्नेचं पांघरूण नीट केलं, आणि तू न्यायला येईपर्यंत वर जाऊन माझी वाट बघत उभे राहिले.

लोभ असू दे. आता तो तुझ्याकडेच मागायचा.

तुझी सिसेल