माझी चहाडी करशील?

डुलुथ, १४ ऑक्टोबर

प्रिय आइली,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून 'आता कोण गेलं?' असंच तुझ्या मनात आलं असेल. कोणी गेलेलं नाही. नऊ वर्षं आपण सख्ख्या बहिणी एकमेकींना ख्रिसमसची कार्डं पाठवतो, छापलेल्या मजकुराखाली नुसती सही करतो. माझा रुडी गेला आणि घरात मी एकटी उरले तेव्हा तुझ्या कार्डावर सहीच्या वर 'काळजी घे' हे दोन शब्द जास्तीचे होते. ते कार्ड मी ठेवलंय. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, आणि तळ्यावरून वारा सुटला की या घराच्या खिडक्या अजून तशाच वाजतात. कॉफी ओतून घे आणि बस. पत्र लांबणार आहे, कारण मुद्द्यावर यायला मला किती वेळ लागतो हे तुझ्याइतकं कोणालाच माहीत नाही.

ऑगस्टमध्ये मी किराणा घेते त्या दुकानातल्या फळ्यावर एक पिवळा कागद लागला. एका बाजूला हरवलेलं मांजर, दुसऱ्या बाजूला विकायला काढलेलं बर्फ उपसायचं यंत्र, आणि मध्ये हा. 'वय पासष्टच्या पुढे आहे? स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी माणसं हवी आहेत.' खाली फोन नंबराच्या चिठ्ठ्या झालरीसारख्या कापून सोडलेल्या, ज्याला हवी त्याने फाडून न्यावी. एकही फाडलेली नव्हती. पुढच्या गुरुवारी गेले तरी नाही. मला त्या कागदाची दया आली. कोणीतरी बिचारीने बसून कात्रीने त्या एकसारख्या कापल्या असतील. म्हणून मी एक फाडली, नुसतं त्याला बरं दिसावं म्हणून. त्याच्या पुढच्या गुरुवारी पाहते तर झालरीत मी फाडलेल्या चिठ्ठीची तेवढी एक फट. मग आणखी एक फाडली. सप्टेंबर अर्धा सरेपर्यंत माझ्या कोटाच्या खिशात पाच चिठ्ठ्या होत्या आणि फोन मी एकही केला नव्हता. तू तिथे असतीस तर सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाली असतीस, "ही बघा आमची हेल्मी. फोन करायचा नाही आणि भलेपणा तेवढा मिरवायचा."

फोन केला तो पुल्ल्यामुळे. महिन्यातून एका रविवारी चर्चच्या तळघरातल्या कॉफीला पुल्ला, आपला तो वेलदोड्याचा गोड पाव, अजून मीच करून नेते, आईच्याच पद्धतीने, तीन पेडी वेणी घालून. मी स्वतः खात नाही, डॉक्टरांनी गोड बंद केलंय. पण एका सोमवारी उरलेला तुकडा समोर होता आणि बघायला कोणी नव्हतं, म्हणून तोंडात टाकला. नुसता गोड पाव लागला. वेलदोड्याचा वाससुद्धा नाही. मी कपाट उघडलं. ईस्टरला आणलेली वेलदोड्याची बाटली मागे उभी होती, सीलसुद्धा न तोडलेली. ईस्टरपासून मी चार वेळा पुल्ला केला होता, आइली. चार वेळा चाळीस माणसांनी तो खाल्ला, "वा, हेल्मी, छान झालाय" म्हणाली, आणि एकाच्याही तोंडातून वेलदोड्याचा 'व' निघाला नाही. शेजारच्या वांडाने तर कृती लिहून घेतली. मी बाटली हातात धरून कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. आईचं विसरणं अशाच एका पावापासून सुरू झालं होतं. मला फार भीती वाटली, आणि ती सांगायला घरात रुडीची रिकामी खुर्ची होती. मग कोटाच्या खिशात हात घातला.

फोनवर टेस नावाची मुलगी होती. तिशीची असेल, बोलताना पेनचं टोपण चावते. त्या झालरी तिनेच कापल्या होत्या. "पाच चिठ्ठ्या गेल्या म्हणून मी किती खूश होते सांगू! पण फोन एकच आला," ती म्हणाली. पाचही माझ्याकडेच आहेत हे मी तिला सांगितलं नाही. विद्यापीठाच्या इमारतीत मला बोलावून तिने सगळं नीट समजावलं. पाच वर्षं, दर वर्षी दोन दिवस, रक्त काढतात, डोक्याचे फोटो घेतात, शब्द पाठ करायला लावतात. नको वाटलं तर कधीही सोडता येतं. "आणि एक आधीच सांगते, यातून तुम्हाला स्वतःला काही गुण येईल असं मुळीच समजू नका. झालाच तर तुमच्या नंतरच्यांना उपयोग होईल," असं ती दोनदा म्हणाली. मला ते आवडलं. हल्ली कोणी मला नको असलेली गोष्ट दोनदा सांगत नाही. मला एकदम तुझ्या कार्डावरच्या फोटोतली तुझी नात आठवली, आपल्या आईची हनुवटी घेऊन आलेली. म्हटलं, असू दे, तिच्या उपयोगी येईल.

मग तिने मलाच माझ्याबद्दल विचारायला सुरुवात केली. नावं विसरता का? नाही, छान चाललंय. रस्ता चुकता का? छे. स्वयंपाकात काही? सगळं छान. वेलदोड्याची बाटली माझ्या डोळ्यांसमोर उभी होती आणि माझं तोंड आपलं छान छान म्हणत होतं. टेसने टोपण तोंडातून काढलं आणि म्हणाली, "हेल्मी, या खुर्चीत बसून सगळेच छान म्हणतात. म्हणून तर आम्ही दुसऱ्याला विचारतो." तेव्हा मला कळलं की या अभ्यासात एकटीला घेतच नाहीत. जोडीला एक माणूस लागतं. ते मला वर्षानुवर्षं ओळखणारं असावं, आठवड्यातून निदान एकदा माझ्याशी बोलणारं असावं, आणि मी खोलीत नसताना त्याने माझ्याबद्दल खरं काय ते सांगावं. फॉर्मवर त्या माणसाच्या नावासाठी एक ओळ आहे. टेसने पेन माझ्यापुढे केलं. मी म्हटलं, घरी जाऊन लिहून आणते.

घरी आल्यावर नावं आठवत बसले. वांडा माझ्याबद्दल वाईट बोलण्यापेक्षा जीभ चावून घेईल, तिने कृती कशी मागितली ते सांगितलंच. माझा मुलगा लायल ॲरिझोनातून दर रविवारी फोन करतो, पण आम्ही तिथल्या उन्हाबद्दल आणि इथल्या थंडीबद्दल बोलतो. त्याला नुसतं विचारलं तरी तो घाबरून विमान पकडेल आणि माझ्या गाडीची किल्ली घेऊन परत जाईल. माझ्या ओळखीची सगळी माणसं भली आहेत, आइली. माझ्या तोंडावर खरं बोललेलं माणूस आयुष्यात एकच झालं, आणि त्याला मी चहाडखोर म्हणून हाक मारत मोठी झाले.

तू पाचची होतीस आणि मी नऊची. एप्रिलमध्ये मी तळ्यावरच्या बर्फावर चालत पार बाहेरच्या टोकापर्यंत गेले होते, आणि तू धावत धक्क्यावर जाऊन बाबांना सांगितलंस. त्यांनी मला कॉलरला धरून आणलं, त्यांच्याबरोबर बोटीत खनिज भरणाऱ्या सगळ्या माणसांसमोर दोन दिल्या. मी महिनाभर तुझ्याशी बोलले नाही. त्याच दिवशी दुपारी तो बर्फ किनाऱ्यापासून सुटून वाहून गेला. ते मी खिडकीतून पाहिलं होतं. तुला कधी बोलले नाही.

आणि मग आईचा पंच्याऐंशीवा वाढदिवस. दोन वर्षं मी पुल्ला माझ्या घरी भाजायचे, पहाटे आईकडे नेऊन तिच्या ओव्हनमध्ये ठेवायचे आणि लोकांना म्हणायचे, "आईने केलाय." तिची औषधं मी मोजायचे, तिच्या नावाने पत्रं मी लिहायचे. मला वाटायचं, मी तिची अब्रू राखतेय. तू आदल्या दिवशी तुझ्या त्या मार्केट गावाहून आलीस, आईचा पिठाचा डबा उघडलास, त्यात किडे झाले होते. दुसऱ्या दिवशी चर्चच्या तळघरात पास्टरबाई आईच्या पावाची तारीफ करत होत्या आणि तू उभी राहिलीस. "हा आईने केलेला नाही. आईला आता पाव करता येत नाही. तिला डॉक्टरांकडे न्यायला हवंय आणि हेल्मी नेत नाही." सगळे आपापल्या कपात बघायला लागले. मी सगळ्यांदेखत तुला काय काय बोलले ते तुला आठवतच असेल. मी विसरले असते तर बरं झालं असतं, पण नेमकं तेच आठवतं. तू त्याच दुपारी निघून गेलीस. दोन वर्षांनी आईच्या दफनाला आपण बाकाच्या दोन टोकांना बसलो.

त्या वाढदिवसाला घरी जाताना गाडीत आई माझ्या शेजारी होती. मी रडत होते आणि तुला नावं ठेवत होते. अर्ध्या रस्त्यात ती माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "आइलीने सांगितलं ते बरं झालं गं. मला येतंय असं दाखवून दाखवून मी दमले होते." एवढंच बोलली, आणि पुढच्या वळणावर मला विचारलं की आपण कोणाच्या वाढदिवसाला चाललोय. हे मी तुला त्याच दिवशी फोन करून सांगायला हवं होतं. ते वाक्य तुझं होतं, आणि मी ते नऊ वर्षं दाबून ठेवलं, कारण ते दिलं असतं तर तू बरोबर होतीस हे कबूल करावं लागलं असतं. तू बरोबर होतीस. मला माफ कर.

आता मुद्दा. फॉर्म टेबलावर आहे आणि त्या ओळीवर मला तुझं नाव लिहायचंय. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत नाव दिलं नाही तर माझी जागा दुसऱ्या कोणाला देतील. तुला इथवर यायचीही गरज नाही, टेस तुला तिकडे मार्केट गावीच फोन करून विचारेल. आठवड्यातून एकदा मात्र माझ्याशी बोलावं लागेल, तो त्यांचा नियम आहे, माझा त्यात काही हात नाही. मी दर शनिवारी दहा वाजता फोन करेन. सोडून जायची मुभा आहे असं त्यांनी मला सांगितलंय, ती तुलाही आहे. पण करशील का गं? माझ्यावर नजर ठेव, आणि मी छान म्हणत असताना त्या मुलीकडे माझी चहाडी कर. आईचं झालं तसं माझं होऊ लागलं, तर मला ते लपवत बसायचं नाहीये.

तुझीच,
हेल्मी

ता. क. सोबतच्या डब्यात पुल्ला आहे, काल भाजला. बाटलीचं सील तुटलेलं दिसतंय, त्यावरून वेलदोडा घातला असावा. मी चाखलेला नाही. तू खाऊन बघ, आणि शनिवारी मला खरं सांग.